सातबारा आपला, वहिवाट कोणाची?

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांतला एक गठ्ठा वेगळा काढून ठेवावा लागला. साड्यांच्या दुकानापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रसंग निरनिराळे असले, तरी सगळ्यांची तक्रार एकच होती: माझी माहिती माझ्या हातून गेली, आता तिच्यावर माझे काही चालते का? त्यांतली पाच पत्रे थोडक्यात देऊन त्यांना उत्तरे देत आहे. विषयच असा असल्यामुळे पत्रलेखकांची नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : दिवाळीच्या खरेदीसाठी साड्यांच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. पैसे रोख दिले, तरी काउंटरवरच्या मुलाने मोबाइल नंबर मागितला. कशाला, असे विचारल्यावर "त्याशिवाय बिल निघत नाही, सिस्टिम पुढेच जात नाही" असे उत्तर मिळाले. मागे रांग ताटकळत होती, म्हणून नंबर सांगितला. तेव्हापासून त्या दुकानाचेच नव्हे, तर कधी पायरीही न चढलेल्या सराफांचे आणि कर्ज देणाऱ्यांचे संदेश येत आहेत. माझ्या नंबराची मालक मी, की ते दुकान? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, ही स्थिती महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी पाहिलेली आहे. आपल्या नंबराचे नेमके तेच झाले आहे. तो आपलाच आहे, याविषयी कोणी वाद घालत नाही. मात्र त्याची वहिवाट दुकानदार करतो, त्याची बिलिंगची यंत्रणा पुरवणारी कंपनी करते आणि पुढे ती यादी ज्याच्या हाती पडेल तोही करतो. म्हणून "मालक कोण" यापेक्षा "वहिवाट कोणाच्या परवानगीने चालली आहे आणि ती मला थांबवता येते का" हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

2023 सालच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही मालकीची भाषा टाळली आहे. त्या कायद्यात माहिती गोळा करणाऱ्याला "डेटा फिड्युशियरी" म्हटले आहे, म्हणजे सरळ मराठीत विश्वस्त. दुसऱ्याची ठेव सांभाळणारा, ती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरणारा आणि मागितल्यावर हिशेब देणारा, असा त्याचा अर्थ. (देवस्थानांच्या विश्वस्तांविषयीचा अनुभव ज्याचा त्याने आठवावा.) या कायद्याचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या 24 ऑगस्ट 2017 च्या निकालात आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा घटनेच्या 21 व्या अनुच्छेदातून मिळणारा मूलभूत अधिकार आहे. त्याच खटल्यात केंद्र सरकारची भूमिका असा अधिकार अस्तित्वातच नाही अशी होती, हे विसरू नये. पुढे कायदा करताना सरकारने स्वतःसाठी सवलतींची दारे किती रुंद ठेवली, त्याचा उलगडा त्यातून होतो.

कायदा 2023 मध्ये संमत झाला, पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संमती, दुरुस्ती, माहिती पुसून टाकणे यांसारख्या आपल्या कामाच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्या लागू झाल्यावर संमती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती आणि कोणत्याही अटीविना घेतलेली असावी लागेल, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे ठेवावे लागेल. रांग ताटकळते आहे म्हणून पुटपुटलेला दहा आकडी नंबर या व्याख्येत बसेल, असे मला वाटत नाही.

तोपर्यंत आपण अगदीच निःशस्त्र आहोत असे मात्र नाही. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांच्या संघटनांना कळवले होते, की मोबाइल नंबरासाठी ग्राहकाची अडवणूक करू नये. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे आणि ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती परस्पर तिसऱ्याला देणे, या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांमध्ये मोडतात. तेव्हा पुढच्या वेळी "नंबर देणार नाही, बिल द्या" एवढेच शांतपणे म्हणावे. आडमुठेपणा झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. आजवर मी हे वाक्य जिथे जिथे म्हटले, तिथे "सिस्टिम" अर्ध्या मिनिटात पुढे गेली. काउंटरवरच्या मुलाने दहा शून्ये टाकली, इतकेच. नको असलेल्या व्यापारी संदेशांसाठी 1909 वर नोंदणी करावी, आणि तरीही संदेश आला तर सात दिवसांच्या आत त्याच क्रमांकावर तक्रार करावी.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगायला हवी. माहितीची सुरक्षितता न राखणाऱ्याला नव्या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, परंतु ती रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला छदामही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 अ मध्ये आजवर भरपाईची जी तरतूद होती, तीही हा कायदा काढून टाकतो. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड ठेवलेला आहे. शेतात दुसऱ्याची गुरे शिरून पीक खाल्ले, तर कोंडवाड्याचा दंड सरकारजमा आणि शेतकऱ्याच्या हाती धुपाटणे, असा हा हिशेब आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीने फाटकावर ॲप सुरू केले आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो आणि मोबाइल नंबर घेतला जातो. भाडेकरूंकडून आधार कार्डाची छायाप्रत घेऊन ती कार्यालयातल्या उघड्या कपाटात ठेवतात. समितीचे म्हणणे, की सुरक्षेसाठी हे करावेच लागते. कायद्याने त्यांना हा अधिकार आहे का? (सदनिकाधारक, ठाणे)

उत्तर : सुरक्षेसाठी कोण आले, कोणाकडे आले आणि केव्हा गेले याची नोंद ठेवणे गैर नाही. प्रश्न सुरू होतो तो त्यापुढे काय काय साठवले जाते, किती काळ आणि कोणाला दिसते, इथून. पूर्वी फाटकावर दोरीने बांधलेले पेन आणि कोपरे दुमडलेली वही असायची. त्या वहीतली अक्षरे कोणाला लागत नसत आणि वर्षअखेरीस ती रद्दीत जायची. तीही सुरक्षित नव्हती. मागच्या पाहुण्याचा नंबर पुढच्या पाहुण्याला दिसायचाच. मात्र वही विसरू शकते, ॲप विसरत नाही. कागदावरची नोंद कागदावरच राहिली तर ती नव्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तीच संगणकात किंवा ॲपमध्ये गेली, की कायदा लागू होतो आणि आपली सोसायटी विश्वस्त ठरते. ॲप चालवणारी कंपनी ही सोसायटीच्या वतीने काम करणारी झाली, त्यामुळे "ते कंपनीकडे आहे, आम्हाला माहीत नाही" हे समितीचे उत्तर पुढे चालणार नाही. कंपनीशी केलेला करार मागून पाहावा आणि पाहुण्यांचे फोटो किती दिवसांनी पुसले जातात, एवढा एकच मुद्दा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. माझा अनुभव असा, की या प्रश्नाचे उत्तर समितीतल्या कोणालाच ठाऊक नसते आणि तो विचारला जाणे हेच निम्मे काम असते.

आधारबाबत नियम अधिक स्पष्ट आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात खासगी संस्थांना आधारची सक्ती करू देणारी तरतूद रद्द केली. भाडेकरूची ओळख पटवायची तर पॅन, पारपत्र, वाहन परवाना यांपैकी काहीही चालायला हवे. आधारच द्यायचे झाले, तर "मास्क्ड आधार" द्यावे: त्यात पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चारच दिसतात, आणि ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून कोणालाही उतरवून घेता येते. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुलूपबंद करून ठेवण्याची सोयही तिथेच आहे. ती प्रत्येकाने वापरावी. मे 2022 मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची छायाप्रत कोणालाही देऊ नका, मास्क्ड आधार द्या, असे पत्रक काढले आणि दोनच दिवसांत, लोकांचा गैरसमज होईल असे कारण देऊन, ते मागे घेतले गेले. सल्ला चुकीचा होता असे मला तेव्हाही वाटले नाही. छायाप्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवे लिहावे: "फक्त अमुक सोसायटीतील भाडेकरार नोंदीसाठी", खाली तारीख आणि सही. हा काही कायदेशीर कवच देणारा मंत्र नव्हे, पण तीच प्रत उद्या सिम कार्डासाठी वापरू पाहणाऱ्याची अडचण नक्कीच होते.

आपण विचारलेला नाही, पण या विषयात मला सर्वांत जास्त टोचणारा मुद्दा वेगळाच आहे. या ॲपवर घरकामाला येणाऱ्या बायकांची वेगळी यादी असते. त्यांचा फोटो, नंबर, त्या कोणत्या घरांत काम करतात, आज किती वाजता आत आल्या, किती वाजता बाहेर पडल्या, आणि पुष्कळदा त्यांना दिलेले तारे. माझ्याच इमारतीत एकदा लिफ्टमध्ये दोन शेजाऱ्यांचे बोलणे कानावर पडले: "ती तर आठ चाळीसला आली होती, मला म्हणाली सव्वाआठला." बाईंना हे ठाऊकही नव्हते, की त्यांची येण्याची वेळ ऐंशी घरांच्या फोनवर दिसते. सदनिकाधारकाने फोटोला नकार दिला तर फार तर समितीशी वाद होईल. बाईंनी नकार दिला तर त्या महिन्याची चार घरे जातील. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही, त्याच्या "हो"ला संमती म्हणायचे का, हा प्रश्न कायद्याने व्याख्येपुरता सोडवला आहे, फाटकावर नाही. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळण्याची सोय नव्या कायद्यात आहे. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्यात येतात. समितीने ती सूचना मराठीत छापून निदान एकदा बाईंना वाचून दाखवावी आणि तारे देण्याची सोय बंद करावी. यासाठी मे 2027 ची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रश्न : घरात मिक्सर बिघडल्याचे बोलणे झाले आणि संध्याकाळी फोनवर मिक्सरच्याच जाहिराती. फोन आपले बोलणे ऐकतो का? (वाचक, नांदेड)

उत्तर : ऐकण्याची त्याला फारशी गरज पडत नाही. आपल्या घरातल्या दुसऱ्या कोणीतरी त्याच वाय-फायवरून दुरुस्तीचे दुकान शोधलेले असते, आपण त्या दुकानापाशी दहा मिनिटे थांबलेले असता, आणि मुख्य म्हणजे साताऱ्याच्या बाईंनी काउंटरवर दिला तसा आपला नंबर कुठल्याशा यादीत असतो. अशी यादी जाहिरात देणारा समाजमाध्यमावर चढवतो, तिथे ती खातेदारांच्या नंबरांशी जुळवली जाते आणि नेमक्या त्याच माणसांना जाहिरात दिसते. आपल्याकडे एकच नंबर बँकेला, आधारला, गॅसच्या टाकीला आणि कुटुंबाच्या गटाला जोडलेला असतो आणि तो वर्षानुवर्षे बदलत नाही, म्हणून वेगवेगळ्या ठिकाणची माहिती एका दोऱ्यात ओवायला त्याच्याइतकी सोयीची सुई दुसरी नाही. खात्री करायची असेल तर हे पाहावे: अलीकडच्या अँड्रॉइड फोनवर मायक्रोफोन चालू असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते, आयफोनवर नारिंगी ठिपका दिसतो. सेटिंग्जमध्ये जाऊन ज्या ॲपचा आवाजाशी संबंध नाही, त्याची मायक्रोफोनची परवानगी काढून घ्यावी आणि अँड्रॉइडवर जाहिरातींसाठीचा ओळख-क्रमांकही तिथूनच पुसून टाकावा.

प्रश्न : माझे लग्न होऊन तीन वर्षे झाली. लग्नाआधी आईने माझा बायोडेटा एका विवाहविषयक संकेतस्थळावर आणि नात्यातल्या गटांवर टाकला होता. त्यात फोटो, जन्मवेळ, पगार, वडिलांचा नंबर, सगळे आहे. मागच्या महिन्यात एका अनोळखी कुटुंबाने तोच बायोडेटा पाहून आईला फोन केला. मी आता फ्रँकफर्टला असते. इथले कायदे कडक आहेत म्हणतात. त्यांचा आधार घेऊन हे पुसून टाकता येईल का? (वाचक, जर्मनी)

उत्तर : आपल्या बायोडेटाचे दोन भाग करून पाहावे लागतील. संकेतस्थळावरचा भाग सोपा आहे. युरोपीय संघाचा डेटा संरक्षणाचा कायदा 25 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या 17 व्या अनुच्छेदात माहिती पुसून घेण्याचा अधिकार दिलेला आहे आणि मागणीला साधारण एका महिन्यात उत्तर द्यावे लागते. युरोपातल्या रहिवाशांना सेवा देऊ करणाऱ्या, युरोपाबाहेरच्या कंपन्यांनाही तो लागू होतो. संकेतस्थळ परदेशस्थ मराठी मंडळींसाठी म्हणून मुद्दाम सेवा देत असेल, तर हा मुद्दा आपल्याला मांडता येईल. ते केवळ भारतातल्या ग्राहकांपुरते असेल आणि आपले खाते आपण भारतात असताना उघडलेले असेल, तर त्या कायद्याचा दावा लंगडा पडतो. तरीही लेखी मागणी करावीच. सांभाळण्याचे कारण संपलेल्या माहितीला चिकटून राहण्यात संकेतस्थळाचा फायदा नसतो आणि बहुतेक ठिकाणी "लग्न ठरले" असा पर्याय निवडला, की खाते बंद करता येते. आईंनी तो कधी निवडलाच नसेल, ही शक्यता आधी तपासावी. युरोपात नुकसानीची भरपाई व्यक्तीला मागता येते. आपल्या नव्या कायद्यात ती सोय नाही, हे वर लिहिलेच आहे.

गटांवरचा भाग अवघड आहे, आणि तिथे फ्रँकफर्टचा कायदा काय आणि दिल्लीचा काय, दोघेही हात वर करतात. एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी केलेला वापर दोन्हीकडच्या कायद्यांनी वगळलेला आहे. मावशींनी पुण्याहून इंदूरच्या नणंदेला आणि नणंदेने बडोद्याच्या मंडळाला बायोडेटा पाठवला, तर त्यात कोणीही विश्वस्त नाही. सगळे हितचिंतकच आहेत. (मंडळाने त्या बायोडेटांची डिजिटल यादी करून शुल्क घेतले, की तो घरगुती वापर उरत नाही.) आता करण्याजोगे एवढेच, की आईंनी ज्या गटांवर तो टाकला तिथेच "योग जुळून आला, कृपया बायोडेटा पुढे पाठवू नये" असे लिहावे. असा निरोप मूळ कागदाइतका लांब पोहोचत नाही, हे मान्य. ज्यांच्या घरी आज स्थळे पाहणे चालू आहे, त्यांनी मात्र पहिल्या पानावर फोटो, शिक्षण आणि गाव एवढेच ठेवावे. जन्मवेळ, पगार आणि पत्ता बोलणी पुढे सरकल्यावर द्यावा. पूर्वी पत्रिका मध्यस्थाच्या पिशवीतून एकाच घरी जायची आणि स्थळ जमले नाही तर परत यायची. ती परत मागण्याची रीत होती, हे नव्या पिढीला सांगूनही खरे वाटत नाही.

प्रश्न : आमच्या गावात घरकुल योजनेत पक्की घरे असलेल्यांनाच लाभ मिळाल्याची चर्चा आहे. मी माहिती अधिकारात लाभार्थ्यांची यादी आणि रकमा मागितल्या. "वैयक्तिक माहिती आहे, नव्या डेटा कायद्याने देता येत नाही" असे उत्तर आले. हे बरोबर आहे का? (शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : बरोबर नाही, पण असे उत्तर देण्याची सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 8(1)(ञ) नुसार, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा विनाकारण खासगीपणावर आक्रमण करणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येत होती; व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे त्याखाली स्पष्ट लिहिलेले होते. डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) ने हे सगळे पुसून तिथे "वैयक्तिक माहिती" एवढाच अपवाद ठेवला. ध्यानात घेण्यासारखे म्हणजे, नागरिकाला कंपन्यांकडे जाब विचारू देणाऱ्या तरतुदी मे 2027 पर्यंत थांबल्या आहेत आणि सरकारला नागरिकाचा अर्ज फेटाळू देणारी ही तरतूद नोव्हेंबर 2025 मध्येच लागू झाली. खासगीपणाचा अधिकार माणसाला सत्तेपासून वाचवण्यासाठी मागितला गेला होता. ग्रामपंचायतीच्या दप्तराला पडदा लावण्यासाठी नव्हे. ज्या महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनांनंतर केंद्राच्याही आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्या राज्यात हा अर्थ निमूटपणे स्वीकारला जाऊ नये.

आपल्या प्रकरणात तीन गोष्टी अपिलात लिहाव्यात. पहिली आणि सर्वांत भक्कम म्हणजे कलम 4(1)(ब). अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, हे सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. हे कलम नव्या कायद्याने बदललेले नाही, आणि जी यादी फलकावर लावणे बंधनकारक आहे ती अर्जदारापासून लपवता येत नाही. दुसरी, कलम 8(2): नुकसानीपेक्षा जनहित मोठे असेल, तर अपवादात मोडणारी माहितीही देता येते, आणि हेही कलम शाबूत आहे. तिसरी, कलम 10: यादीत आधार क्रमांक किंवा बँक खाते असेल, तर तेवढे झाकून बाकीची यादी द्यावी. लाभार्थ्यांचे खाते क्रमांक आपल्याला नकोतच, हे आपण स्वतःहून अपिलात लिहिले तर उत्तम. त्यात त्या माणसांचा मानही राहतो आणि अधिकाऱ्याची सबबही जाते.

पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत करायचे असते. आपल्या पत्रावरची तारीख पाहता हातात अकराच दिवस उरले आहेत, म्हणून हे उत्तर आपल्याला टपालानेही वेगळे पाठवले आहे.